नाल्याकाठचा खजिना

सिनेमातली मुलं नकाशा उलगडून गुहेत शिरली की अजूनही माझी गॅसवरची भाजी करपते. यवतमाळच्या आमच्या दोन खोल्यांत मुलगी टीव्हीसमोर पालथी पडलेली असते, आणि मी हातात झारा घेऊन दारात उभी. शेवट काय होणार ते ठाऊक असतं. तरी पाय हलत नाहीत.

असा पहिला सिनेमा मी आमच्या बंजारा तांड्यावर पाहिला. काकाच्या घरी लग्न होतं, म्हणून दारव्ह्याहून सीडीचं मशीन भाड्यानं आणलं होतं. भर दुपारी खिडकीला पोतं लावून अंधार केला. चार मुलं होडीतून एका बेटावर जातात आणि समुद्री चोरांचं सोनं शोधतात. समुद्र आमच्यापैकी कोणी पाहिलेला नव्हता. बाहेर आलो तेव्हा उन्हात सगळंच हलल्यासारखं दिसत होतं. नाल्यापलीकडचे पळस फुलून पेटले होते, आणि ते बेटच आहे असं मला वाटलं.

काकाची मुलगी माझ्याहून थोडी मोठी. ती म्हणाली, "पहिले आपले लोक बैलाईवर मीठ लादून फिरत. इथंच उतरत असतीन. काही तरी पुरलं असंनच."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी नाल्यात उतरलो. पाणी आटलेलं, वाळू गरम. दरडीत एक बीळ दिसलं आणि त्याच्या तोंडाशी काळा-पांढरा, गुळगुळीत, लांब काटा. मग अजून एक. आम्ही मातीत गुडघे टेकून काठीनं उकरू लागलो.

तेवढ्यात वर आईचा आवाज आला. आम्ही तिला याडी म्हणायचो.

"काय करून राह्यल्या वो पोट्टीहो? घरी पाव्हणे बसले, पानी कोन भरन?"

"खजिना पाहून राह्यलो," मी घाबरत म्हणाले.

ती ताडताड खाली आली. आता पाठीत धपाटा बसणार म्हणून मी खांदे आवळले. तिनं माझ्या हातातला काटा घेतला, उन्हात धरून फिरवला.

"साळिंदराचा हाय. बिळात हात नका घालू."

आणि ती तिथंच बसली. पदर खोचला, माझ्या हातातली काठी घेतली आणि हलकेच माती ओढू लागली. एक काटा, अजून एक. पळसाची फुलं तिच्या डोक्यावर पडत होती, ती झटकतही नव्हती. वर मांडवातले आवाज चालूच होते, पण ते फार लांबच्या गावचे वाटत होते.

"याडी, पाव्हणे?" मी विचारलं.

"बसतीन थोडे," ती म्हणाली. "अवं, आत काही तरी चमकून राह्यलं, पाह्य."

मी वाकून पाहिलं. मला काही दिसलं नाही. पण मी हो म्हणाले, आणि ते खोटं आहे असं मला तेव्हा वाटलं नाही.

सावल्या लांबल्यावर आम्ही निघालो. चढ चढताना तिनं अगदी हळू आवाजात विचारलं, "त्या पिच्चरमंदी पोराईले भेटलं का वो सोनं?"

आम्ही दोघी एकदमच सांगू लागलो.