रचनाच्या पदराच्या गाठी

रचना आमच्या नागावच्या अंगणवाडीची बाई, आणि मी सगुणा, तिची मदतनीस. पोरांना शिकवायचं तिनं, खिचडी शिजवायची मी. पोरं कसली, बिलंदर नुसती! गावभर होमस्टे, त्यामुळं नीट बोलता यायच्या आधीच यांना धंदा कळतो. तपासणीला मोठ्या मॅडम आल्या, तर आमची चिमुरडी प्राप्ती दारातच उभी. "रूम पाहिजे का? एसी, नॉनएसी?" मॅडमचं तोंड बघण्यासारखं झालं. रचनानं आधी कपाळाला हात लावला, मग हळूच पदराला गाठ मारली.

ही तिची सवय. पोरांनी काही दिवे लावले की पदराला गाठ, म्हणजे घरी सांगायचं विसरायला नको. घरी तिचा नवरा दयाराम. ट्रक चालवणारा चांगला धडधाकट माणूस, पण अर्धांगवायूनं खाटेला खिळला. वाचा गेली. घास तोंडाशी नेला की दात आवळून घ्यायचा. जगायचंच न्हवतं त्याला. मग रचना एकेक गाठ सोडायची, पोरांचे आवाज काढून सांगायची. तो हसला की तोंड उघडायचं, तेवढ्यात भाताचा घास आत. असा जगवला तिनं त्याला.

एकदा तिनं वर्गात विचारलं, "समुद्रात कोण राहतं?" निकेत म्हणाला, "मुंबईचे पाहुणे. अंधार पडला तरी भायेर येत न्हायत." त्या गाठीवर दयाराम वाटीभर भात जेवला होता.

दिवाळीनंतर तो गेला. मेल्याला अजून थोडं थांबायला काय झालं होतं!

कार्य आटोपून रचना कामावर आली ती वाळून काटकी झालेली. चहाशिवाय पोटात काही न्हाय. इकडं घरोघरी आयांनी पोरांना दम भरला होता, बाईंना त्रास द्यायचा न्हाय. सगळी हाताची घडी घालून गप्प. तिनं विचारलं, "समुद्रात कोण राहतं रे?"

निकेत उभा राहिला. "मासे, बाई."

रचना धाय मोकलून रडायला लागली. "आता तुम्ही पण शहाणे झालात का रे?" पोरं घाबरली. प्राप्ती तेवढी पुढं आली, तिच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "बाई, घरी एकटीला भीती वाटते का? आमची एक रूम रिकामी हाय. तुम्हाला डिस्काउंट देऊ."

रचनाचा हात आपसूक पदराकडं गेला. गाठ मारून झाली, मग तिला कळलं.

पोरं जेवून घरी गेली, तरी ती गाठ मुठीत धरून बसलेली. "सगुणाकाकू, ही आता सांगू कुणाला?"

मी उठले. खिचडीची ताटली घेऊन समोर बसले. "मला सांग."

"तुम्ही तर इथंच होतात."

"मी म्हातारी, बहिरी. मी काय ऐकलं न्हाय. सांग."

तिनं गाठ सोडली. प्राप्तीसारखी मान तिरकी करून सांगायला लागली, आणि डिस्काउंटवर आल्यावर तिला हसू फुटलं. तोंड उघडलं, तसा मी घास आत सारला. ओठ मिटून ती नुसती माझ्याकडं बघत राहिली, मग रडत रडत चावायला लागली.