कृष्णात मिस्त्रीनं निवडलेलं गिऱ्हाईक

जुनी गाडी घ्यायची झाली की कोल्हापूरच्या उद्यमनगरात लोक आधी कृष्णात मिस्त्रीकडं यायचे. कृष्णात बॉनेट उघडणार, कान लावणार आणि एकच शब्द बोलणार. ‘घ्या’, नाहीतर ‘सोडा’. विकणारा शेजारी उभा असला तरी तोंडावर. त्यापायी शिव्या खाल्ल्या, एकदा मार खाता खाता वाचला, पण गाडीबद्दल खोटं कधी बोलला नाही. मी बाबासो. त्याच्या शेजारी माझं सीट-कुशनचं दुकान. तीस वर्षं त्याचा चहा मी पितोय आणि माझी बडबड तो ऐकतोय.

त्याचा जीव एका गाडीत होता, आणि ती त्याची नव्हती. राजारामपुरीतल्या आक्काताईंची. एक्कावन्न सालची इंग्लंडची एमजी, दोन सीटांची, छप्पर मागं दुमडणारी, गर्द हिरवी. रंग मूळचा बरं का! चामडंही मूळचं, फक्त शिवण मी दोनदा नव्यानं घातलेली. पार्ट मिळत नाहीत म्हणून कृष्णात लेथवर एकेक पार्ट हातानं करायचा. एक बुश मनासारखा होईना म्हणून त्यानं चार वेळा फेकून दिलेला मी बघितलाय. यजमान गेल्यावर आक्काताईंना शेजारी बसवून तोच रंकाळ्याला फेरी मारून आणायचा. म्हातारी पदर घट्ट धरून हसत बसायची.

मग आक्काताईंचा खुबा मोडला आणि जिना बंद झाला. मूलबाळ नाही. शेडमध्ये सडण्यापेक्षा गाडी कुणीतरी न्यावी, असं त्यांनी ठरवलं आणि कृष्णातला सांगितलं, “पैसं कुणी किती का देईना. चालवणाऱ्याच्या हातात दे. माणूस तू निवड.”

जयसिंगपूरचा एक व्यापारी आला, लाल रंग मारतो म्हणाला. सोडा! पुण्याचा एकजण काचेच्या खोलीत ठेवणार होता. त्यालाही वाटेला लावला. मग आला पृथ्वीराज. पस्तिशीचा, कागलच्या अलीकडं हायवेला गार्डन हॉटेल. त्यानं आल्या आल्या गाडीला हात जोडले. चपला काढून आत बसला, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले आणि डोळे मिटून गप्प. झालं, आमचा मिस्त्री विरघळला! आणि मी तरी काय वेगळा? माझ्याही डोळ्यात पाणी आलं. कोल्हापूरच्या माणसाला फसवायचं तर पैसे दाखवायची गरज नाही, चपला काढल्या की बास.

आमच्याकडं बैल विकला तर दावं देत नाहीत. दावं घरात राहतं, म्हणजे गोठ्यात पुन्हा जनावर येतं. आक्काताई शेतकऱ्याची लेक. त्यांनी दाव्याच्या जागी गाडीचं हँडल ठेवून घेतलं, पुढून घालून इंजिन फिरवायचं ते. पृथ्वीराज लगेच “ठेवा की” म्हणाला. बॅटरी बसली की त्या गाडीला हँडलशिवाय गत नाही. कृष्णात म्हणाला, “आठ दिसांत मागाय येतोय बघ.” आणि लेथवर दुसरं हँडल करून, पुसून ठेवलंसुद्धा.

आठ दिवस गेले, महिना गेला. पृथ्वीराज काही आला नाही. फोन केला तर, “गाडी झकास हाय मिस्त्री, या की बघायला.”

“नवी बॅटरी घातली आसंल,” कृष्णात म्हणायचा. अरे, ज्याला गाडी चालूच करायची नाही तो हँडल मागेल कशाला? पण एवढी साधी गोष्ट आम्हा दोघा खुळ्यांच्या डोक्यात आली नाही.

चार महिन्यांनी माझ्या पुतण्याला कागल एमआयडीसीत नोकरी लागली. जेवण द्यायचं होतं. म्हटलं, पृथ्वीराजचंच हॉटेल धरू, गाडीही बघणं होईल. कृष्णात इस्त्रीचा शर्ट घालून आला. तांबडा-पांढरा रस्सा झाला, मटण झालं. वेटरला विचारलं, “गाडी कुठं हाय रं?”

“हात धुवायला जावा की पावणं. तितंच हाय.”

गेलो. एमजी उभी होती. हिरवी, चकचकीत. बॉनेटची दोन्ही पाखं उपटलेली, इंजिन नाही, आणि इंजिनाच्या जागी स्टीलचं बेसिन. वर दोन नळ. एक ढेरपोट्या घशात बोटं घालून खाकरत होता. आऽऽक, थू! बेसिनमध्ये भाताची शितं, तर्रीचा तवंग, हाडाचा चुरा, त्यावर कुणाची तरी पानाची पिंक. हेडलाइटवर साबणाचा थर. आणि सीटवर, मी शिवलेल्या चामड्यावर, तोंड पुसून टाकलेल्या कागदांचा ढीग! शी!

पृथ्वीराज हसत आला. “मिस्त्री! बघितलासा? सांगलीवरनं लोक येत्यात रील काढाय.”

“आरं गाढवा,” मी ओरडलो, “बेसिनच करायचं हुतं तर भंगारातली घ्यायची की!”

“भंगारात कोण तोंड धुतंय, मामा? चकचकीतच पायजे. इंजिन बेळगावच्या पावण्याला दिलं. बाकी रोज दोनदा पुसून घेतोय. देवागत ठेवलीया!”

त्याला खरंच तसं वाटत होतं, याचीच मला जास्त किळस आली. कृष्णात वळून बाहेर पडला. हात न धुताच माझ्या गाडीवर मागं बसला. रस्सा वाळलेला हात घरापर्यंत तसाच मांडीवर धरलेला.

आम्ही गाडी बघायला जाणार हे मी आधीच आक्काताईंकडं बडबडलो होतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी कृष्णातला बोलावलं. मीही बरोबर गेलो.

“बघून आलास म्हणं? कशी हाय रं गाडी?”

कृष्णात खाली बघत म्हणाला, “पळतीया की, आक्का.”

म्हातारीचा चेहरा असा खुलला! “मग त्याला सांग, एक दिवस सकाळचं हितनं खालनं ने म्हणावं. मी गॅलरीत बसते. नुसता आवाज ऐकते.”

“सांगतो,” कृष्णात म्हणाला. जिन्याच्या खालच्या पायरीवर तो बसला. “बाबासो, मी खोटं बोललो की रं.”

परवा एकजण जुनी जीप दाखवायला घेऊन आला होता. कृष्णातनं बॉनेट उघडलंच नाही. “मला इचारू नगा,” म्हणाला आणि लेथ चालू केला. राजारामपुरीत तो आता पाऊल टाकत नाही. आक्काताईंची औषधं, भाजी आता मीच पोचवतो.

आक्काताई सकाळी सातलाच वेणीफणी करून गॅलरीत बसलेल्या असतात. काल मला बघून वरनंच हाक मारली, “बाबासो, आज गाडी घिऊन येतोय न्हवं त्यो?”

“येतोय की, आक्का,” मी म्हणालो आणि मान खाली घालून भाजीची पिशवी घेऊन जिना चढलो.