डब्यातली गावं

"आज कळंब जरा सुस्त दिसतंय," असं स्वतःशीच म्हणत शेजारचे पेशकारसाहेब रुमालाचं टोक पाण्यात बुडवायचे आणि क्रोटनचं एकेक पान पुसून काढायचे. अंगात कचेरीची शेरवानी, डोक्यावर टोपी, आणि सकाळच्या ऐन घाईत हा उद्योग. आडावरून हंडा-कळशी घेऊन धापा टाकत वर येताना मला ते रोज असेच दिसत. तुळजापुरात पाणी भरणं म्हणजे चढ-उतारच. मी तेव्हाही दमलेलीच असायचे, आताही आहे. त्यामुळे खायच्या ना प्यायच्या झाडांवर कुणी पाणी घालताना दिसलं की माझ्या कपाळावर आठी यायची.

ते तहसील कचेरीत पेशकार होते, साहेबापुढे कागद मांडायचे. माझे यजमान शाळेत मास्तर. आमच्या दोन घरांत एक बुटकी भिंत, आणि त्या भिंतीपलीकडे त्यांचे घासलेटचे पत्र्याचे डबे रांगेनं मांडलेले. प्रत्येक डब्यात एक झाड आणि प्रत्येक झाडाला गावाचं नाव. लाल फुलाची कर्दळ म्हणजे औसा. मोरपंखी म्हणजे भूम. बदलीचा हुकूम आला की निघायच्या दिवशी त्या गावातून एक फांदी नाहीतर गड्डा घ्यायचा, डब्यात खोचायचा आणि गाडीत बसायचं, असा त्यांचा शिरस्ता होता. जमिनीत त्यांनी कधी काही लावलं नव्हतं. सरकारी माणसानं जमिनीत झाड लावू नये, ते उपटून नेता येत नाही, असं म्हणायचे.

कचेरीतले लोक त्यांची थट्टा करत. बदलीच्या वेळी गाडीत पेशकारसाहेबांची गादी-उशी उन्हात आणि झाडं तट्ट्याच्या सावलीत, असं सांगून हसत. तेही हसत. असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल, ज्याच्यावर हसायला कुणाला परवानगी लागत नाही.

पण पाण्याच्या बाबतीत मी त्यांना उगाच बोल लावत होते, हे हळूहळू कळलं. झाडांसाठी ते वेगळं पाणी काढतच नसत. नमाजाआधी हातपाय धुवायला, वजू करायला, ते डब्यांच्या कडेला बसत, तेही पाळीपाळीनं. सकाळी औशापाशी, दुपारी कळंबापाशी. हातातोंडावरून उतरलेलं पाणी झाडाच्या मुळाशी जायचं. शुक्रवारचं पाणी मात्र कायम परांड्याचं.

परांडा म्हणजे मधुमालतीचा वेल. काठीला बांधलेला, कधी कात्री न लागलेला. त्यांच्या बायकोनं परांड्याच्या घराच्या दाराशी लावलेल्या वेलाच्या फांदीचा. ती तिथंच गेली आणि तिथल्याच मातीत आहे. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही वेलाकडे बघत. मग लगेच विचारलं, "बाई, मास्तरांचा खोकला कसा हाय?"

एकदा मी डबे न्याहाळत म्हटलं, पेशकारसाहेब, यात तुळजापूर कुठलं? ते गालात हसले. "तुळजापूर डब्यात घ्यायचं न्हाय बाई. वजीफा झाला की इथंच राहायचं. लई फिरलो."

वजीफा म्हणजे पेन्शन. ती झाली, आणि घरमालकानं मागचं अंगण वापरायला दिलं. त्या आषाढात त्यांनी पत्र्याची कात्री आणून एकेक डबा उभा चिरला आणि सगळी गावं जमिनीत उतरवली. झाड लावलं की दोन्ही अंगठ्यांनी माती दाबायची त्यांची सवय होती. इतकं खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. एकच रिकामा डबा धड राहिला, तो त्यांनी मला दिला. मी त्यात कोंडा भरला.

ते साल कुठलं हे आमच्याकडच्या जुन्या माणसांना सांगावं लागत नाही. आधी रझाकारांची धास्ती, मग भाद्रपदात हिंदुस्थानची फौज आली आणि निजामाचं राज्य गेलं. आम्हाला सुटल्यासारखं झालं, ते खोटं कशाला सांगू? पण भिंतीपलीकडे एकदम शांत झालं. त्यांच्या ओट्यावर बसायला येणारी माणसं येईनाशी झाली. मास्तर रोज जाऊन बसायचे, पण एकट्या मास्तरांनी ओटा थोडाच भरतो? मी एकदा भिंतीवरून विचारलं, कुणी काही बोललं का तुम्हाला? ते वेलाची काठी सरळ करत होते.

"न्हाय बाई. कुणी बोलतच न्हाय."

मला फार वाईट वाटलं.

दिवाळीच्या आधी हैदराबादेहून त्यांचा भाचा न्यायला आला. तिथं दिलेली तुमची मुलगी काळजीनं रडून अर्धी झालीय, म्हणाला. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी मधुमालती काढून बघायला माती उकरली. मुळं घरमालकाच्या भिंतीखाली शिरली होती. थोडी उकरली, मग तशीच परत माती लोटली आणि कितीतरी वेळ तिथंच बसून राहिले. पाणी मागितलं नाही की हात धुतले नाहीत.

सकाळी बैलगाडी जुंपून उभी होती. मला वाटलं, निरोप घ्यायला आले. त्यांनी कोंड्याच्या डब्याकडे बोट दाखवलं. "बाई, तो डबा मोकळा करून द्या. आणि तुमच्या दारचं कायबी द्या. तुळजापूर घ्यायचं राहिलं."

माझ्या दारात तुळशीशिवाय हौसेनं लावलेलं एकही झाड नव्हतं. न्हाणीच्या सांडपाण्यावर आपोआप माजलेली गुलबक्षी तेवढी होती. मी तिचा गड्डा काढून मातीसकट डब्यात घातला. मास्तर भिंतीला टेकून उभे होते, त्यांनी तोंड फिरवलं. पेशकारांनी दोन्ही अंगठ्यांनी माती दाबली. भाचा म्हणाला, मामू, डबा मागं ठेवू. त्यांनी ऐकलं नाही, मांडीवरच घेतला. गाडी हलली तशी गुलबक्षीची पानं लगेच मान टाकायला लागली, आणि ते आपल्या टोपीनं त्यांच्यावर सावली धरून, उघड्या डोक्यानं बसून गेले.