दोन कार्बोरेटर आणि आई

विमान उभ्या जागी थरथरत होतं. चाकांना लाकडी ठोकळे लावलेले, शेपूट दोरीने खुंटीला बांधलेलं, पुढे प्रोपेलर फिरतोय, आणि आत बसलेल्या कॅप्टन सरंजाम्यांची टोपी डॅशबोर्डवरून सरकत सरकत शेवटी खाली पडली. त्यांनी गळ्यावरून बोट फिरवलं. आमच्याकडे याचा अर्थ इंजिन बंद करतोय. त्यांच्या चेहऱ्यावरून मात्र तो गळा माझा असावा असं वाटत होतं.

"महाजन, हे विमान आहे की पिठाची चक्की?"

"सर, इंदूरपासून ट्रकमधून हादरत आलंय. बघते."

"बघू नकोस, कर. ऊन चढलं की इथं वारा सुटतो."

घ्या! बुऱ्हाणपूरच्या वाऱ्याचं हे मला सांगणार! मी इथलीच. गावातल्या शनवारा भागात शाळा शिकले, घर इच्छापूरच्या रस्त्यावर, केळीच्या मळ्यात. आता विमानांची मेकॅनिक आहे. सर्टिफिकेटवर भलंमोठं नाव लिहिलेलं असतं, पण काम तेच, हात काळे करायचे. आमची कंपनी दोन सीटचं छोटं विमान गावोगावच्या हवाई पट्ट्यांवर नेऊन लोकांना चक्कर मारून आणते. त्या वेळी पहिल्यांदाच माझ्या गावाचा नंबर लागला होता. एकच सकाळ मिळाली होती. दुपारी पंख काढून विमान परत ट्रकवर चढणार होतं.

आणि दोरीच्या पलीकडे माझी आई उभी होती. नवी जांभळी साडी, पायात माझ्या भावाचे पांढरे स्पोर्ट शूज, हातात दराब्याचा, म्हणजे आमच्या बुऱ्हाणपुरी मिठाईचा, डबा. शेजारी मावशी. मागे टेम्पोभर गाव.

या टेम्पोचं कारण मावशी. एका लग्नात भर पंगतीत ती आईला म्हणाली होती, "पोरगी इमान दुरुस्त करते म्हणते, पण तुले बसवलं का कधी?" आई नुसती हसली. घरी आल्यावर मात्र मला फोन केला आणि पहिलं वाक्य, "बाई, मले इमानात बसायचं हाय." माझ्या आईने आयुष्यात माझ्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. साडीसुद्धा नाही. म्हणून पहिली सीट तिची ठरवली होती. आणि तिने सगळ्या गावाला सांगून ठेवलं होतं.

आता बिघाड काय होता ते सांगते. सोपं आहे. या इंजिनाला चार सिलिंडर, दोन डावीकडे, दोन उजवीकडे. दोन्ही बाजूंना एकेक कार्बोरेटर. कार्बोरेटर म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला भरवणारं भांडं. दोन्ही भांड्यांनी सारखं भरवायला हवं. एक जास्त देतंय, दुसरं कमी, तर बैलजोडीतला एक बैल पळतोय आणि दुसरा रेंगाळतोय, अशी गत होते. गाडी चालते, पण हाडं खिळखिळी करते. ट्रकमध्ये सामान बांधताना कुणाच्या तरी हातून एका बाजूची थ्रॉटल केबल ओढली गेली असणार. थ्रॉटल म्हणजे आपला अ‍ॅक्सिलरेटर.

मी केस घट्ट बांधले, कव्हर उघडलं, दोन्ही बाजूंना एकेक गेज जोडलं. इंजिन हवा किती जोराने ओढतंय ते या गेजवर कळतं. इंजिन चालू करायचं, काटे बघायचे, बंद करायचं, केबलचा नट थोडा फिरवायचा, परत चालू. प्रोपेलर हातभर अंतरावर गरगरत असताना नट फिरवण्याची हौस मला नाही.

दरवेळी इंजिन चालू झालं की टेम्पोतली मंडळी टाळ्या वाजवायची. बंद झालं की "अरेरे!" करायची. मला हसू आवरेना. कॅप्टन आतून कपाळाला हात लावायचे.

हळूहळू काटे जवळ आले. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये दोन्ही बाजूंत किती फरक चालतो ते दिलेलं असतं. त्याला आम्ही लिमिट म्हणतो. माझे काटे लिमिटमध्ये आले. थरथर गेली. मी गेज काढून कव्हर लावलं. कॅप्टन एकटेच वर जाऊन एक चक्कर मारून आले आणि अंगठा दाखवला.

"फर्स्ट क्लास. आईंना आण."

अहाहा! मी दोरीकडे अक्षरशः पळत गेले. एवढ्या जणांसमोर आईचा हात धरून विमानाकडे चालत जाताना माझी छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू. आई पट्टीवरून अशी चालत होती जणू रोजच जाते.

"डबा खाली ठेव, आई."

"काहून? कॅप्टन भाऊले भूक लागली तर?"

"दहा मिनिटांत परत येणार आहेस तू!"

डबा मावशीकडे गेला. आईला सीटवर चढवलं. पट्टे मीच बांधले. खांद्यावरून दोन, कमरेला एक. कानावर हेडसेट घातला. ती माझ्याकडे बघून हसली. पट्ट्यांमध्ये केवढीशी दिसत होती! आणि मी दार लावता लावता थांबले.

लिमिटमध्ये म्हणजे नक्की किती? डावा काटा उजव्यापेक्षा जरासा मागेच होता ना? आणि दोन वेगळी गेज, ती दोन्ही तरी खरं सांगतात कशावरून?

"सर, स्विच ऑफ ठेवा," मी म्हटलं.

"काय झालं?"

"काही नाही. एकदा बघायचंय."

"लिमिटमध्ये आहे म्हणालीस ना?"

"आहे."

"मी वर जाऊन आलो ना?"

"आलात."

"मग?"

"मग काही नाही, सर. पण एकदा बघायचंय!"

कॅप्टननी विंडसॉककडे बोट दाखवलं. विंडसॉक म्हणजे खांबाला लावलेली ती नारंगी कापडी नळी. सकाळपासून मेल्यासारखी लोंबत होती. आता तिचं टोक हलायला लागलं होतं. वारा वाढला तर हे हलकं विमान उडत नाही, आणि मग आईचं विमान कायमचं राहिलं. टेम्पो तसाच परत, आणि पुढच्या प्रत्येक लग्नात मावशी.

मला दिसलं, पट्टीच्या कंपाउंडचं बांधकाम चालू होतं. मिस्त्री भिंतीची पातळी बघायला वापरतात ती पारदर्शक प्लॅस्टिकची लांब नळी तिथे पडली होती, नवी कोरी, पाणीसुद्धा न घातलेली. नळीत पाणी भरलं की दोन्ही टोकांना पातळी सारखी राहते, तेच तत्त्व. नळीचं एक टोक डाव्या कार्बोरेटरच्या बाजूला, दुसरं उजव्या, मध्ये यू आकार. जी बाजू जास्त ओढेल तिकडची पातळी वर चढेल. दोन वेगळे काटे नाहीत, वादच नाही. मिस्त्रींनी नळी दिली. कंपनीच्या जीपच्या ड्रायव्हरने गाडीचं लाल स्टेअरिंग ऑइल दिलं. ऑइल अशासाठी की चुकून थोडं आत ओढलं गेलंच तर इंजिनाला पाण्याइतका त्रास नको. नळी मी चांगली लांब ठेवली, ऑइल फार नाचू नये म्हणून दोन्हीकडे चिमटे लावले, आणि मधला यू विमानाच्या दाराजवळच्या दांडीला टेपने चिकटवला.

बरोबर आईच्या नाकासमोर.

"आई, तू खाली उतर तोवर."

"मी नाही उतरत. उतरली तर परत चढवशीन का?"

"इंजिनाचा आवाज होईल."

"होऊ दे ना! त्याच्यासाठीच तं आली."

कॅप्टन हसायला लागले. "बसू दे. आणि हे तुझं यंत्र मॅन्युअलमध्ये आहे का?"

"मॅन्युअलमधल्या गेजवर पास झालंय, सर. हे माझ्या समाधानासाठी."

इंजिन चालू झालं. लाल ऑइल एका बाजूला सर्रकन वर चढलं. काटे जे दाखवत नव्हते ते नळीने ढळढळीत दाखवलं. लिमिटमध्ये होतं, पण सारखं नव्हतं. आईने लगेच एक हात वर आणि एक हात खाली करून मला दाखवलं. मी तिला काही समजावलं नव्हतं! घराची फरशी बसवताना ती दिवसभर मिस्त्रीच्या मानगुटीवर बसली होती, तिला नळी काय शिकवणार?

इंजिन बंद. नट जरासा. चालू. आईने हात अजून खाली दाखवला. बंद. अजून जरासा. चालू. आता तिने ट्रक मागे घ्यायला लावणाऱ्या क्लीनरसारखा हात हलवायला सुरुवात केली, येऊ दे, येऊ दे, आणि एकदम पंजा ताठ. थांब! मी जवळ जाऊन पाहिलं. दोन्ही रेघा एका पातळीत, फरक झीरो. मग मंद वेगावर, मग वाढवलेल्या वेगावर. हलेनात. मी दोन्ही हात वर करून ओरडले. ऐकू कुणालाच गेलं नाही, पण टेम्पोतली मंडळी माझ्यामागून ओरडली. का ते त्यांना ठाऊक नव्हतं.

नळी काढली, मूळ जोडण्या परत लावल्या, प्रत्येक नट हाताने तपासला, कव्हर बंद केलं. कॅप्टननी पुन्हा इंजिन पूर्ण वेगावर नेऊन पाहिलं. विंडसॉक अर्धवट उठला होता. "आत्ता नाही तर नाही," ते म्हणाले. मी ठोकळे ओढले, दोरी सोडली आणि बाजूला झाले.

विमान पळालं आणि उचललं गेलं. मी फक्त आवाज ऐकत होते. मेकॅनिक विमान बघत नाही, ऐकते. इतका सलग, इतका गुळगुळीत आवाज! केळीच्या हिरव्या बागांवरून ते तापीकडे वळलं, लहान झालं, नदीवरून चकाकलं. मावशीने माझा दंड इतका घट्ट धरला होता की वळ उठला. "काही नाही होत ना गं?" तिने विचारलं. "काही नाही होत," मी म्हटलं, आणि मला खरंच तसं वाटत होतं. आनंदाने मला रडू यायला लागलं. मग हसू. मग दोन्ही.

खाली उतरल्यावर दार उघडलं तर आई हसत होती. गाल लाल, केस उडालेले, थांबायचं नावच नाही. पट्टे सोडताना तिने माझे काळे हात धरले.

"बाई, आपला मळा एवढासा दिसते वं! मी तिथं जलमभर मरमर केली, अन् वरून पाह्यलं तं पोळपाटाएवढा!" आणि परत हसत सुटली. मग मावशीकडे वळली. "चाल, बस आता. मी सांगते तुले कसं बसायचं ते."

मावशी मात्र बसली नाही. वारा सुटला होता. ती अजून म्हणते की वाऱ्यामुळे.

लोक पांगल्यावर कॅप्टन माझ्याजवळ आले. हातात दराबा होता, तोंडात दराबा होता, तरी चेहरा गंभीर.

"महाजन, हे विमान मी रोज उडवतो. असं इंजिन मला आजपर्यंत मिळालेलं नाही."

"थँक्यू सर."

"थँक्यू नाही. मी विचारतोय. मी रोज लिमिटमध्ये, आणि आई झीरोवर?"

मी डबा त्यांच्यापुढे धरला. लिमिट चुकीचं नव्हतं. त्याच लिमिटवर शेकडो विमानं सुखरूप उडतात. पण कुठे थांबलं तर चालेल, एवढंच लिमिट सांगतं. पुढे जायचं की नाही, ते तुमच्यावर असतं.

हल्ली मी दरवेळी नळी लावते आणि झीरोवर आणूनच सोडते. वेळ जास्त लागतो. आमचे मॅनेजर कटकट करतात, लिमिटमध्ये आहे ना, मग सोडा. एकदा मी त्यांना म्हटलं, "सोडते, सर. फक्त पहिल्या चकरेला तुमच्या आईंना घेऊन या."

ते म्हणाले, "किती वेळ लागेल नळीला?"