विचारपुशीचा फोन

माझ्या कंपनीने मला पुण्याला परत बोलावलं, आणि त्यासाठी पुरावा म्हणून माझ्याच आईचं बोलणं वापरलं. हे कुणाला सांगितलं की समोरचा आधी म्हणतो, "छे, काहीतरी गैरसमज झाला असेल." म्हणून पहिल्यापासून सांगते. गैरसमज होता, नाही असं नाही. पण तो आमच्या घरातला होता, आणि त्यांनी तो अलगद उचलून खिशात घातला.

मी पुण्यातल्या एका कंपनीत विमा कंपन्यांची सॉफ्टवेअर तपासते. लॉकडाऊन लागला तेव्हा लॅपटॉप घेऊन जळगावला आईकडे आले, महिनाभरासाठी म्हणून. वडील एसटीत कंडक्टर होते, ते आधीच गेलेले. मी एकुलती, लग्न केलेलं नाही, त्यामुळे आई एकटीच असायची. महिन्याचं वर्ष झालं. मग एक दिवस आमच्या मोठ्या साहेबांनी सगळ्यांना स्क्रीनवर गोळा करून सांगितलं, की आता ऑफिस म्हणजे इमारत नव्हे, ऑफिस म्हणजे माणसं. ज्याला जिथून काम करायचं तिथून करा, कायमचं. आम्ही मूर्खासारख्या टाळ्या वाजवल्या. मी पुण्यातली खोली सोडली, गॅसची शेगडी शेजारणीला देऊन टाकली.

पुढे दोन वर्षांनी आईच्या किडन्या गेल्या. मंगळवार आणि शुक्रवार डायलिसिस, प्रत्येक वेळी चार तास. केळीच्या जिल्ह्यात राहून बाईला केळं बंद. भेटायला येणारा प्रत्येक जण हातात केळ्यांची फणी घेऊन यायचा आणि आई कौतुकाने ठेवून घ्यायची, "नाही" म्हणायची नाही. पाणीसुद्धा मोजून. मे महिन्यात जळगावात माणूस तांब्यावर तांब्या रिचवतो, आणि ही बाई बर्फाचा एक खडा तोंडात धरून बसायची. मी डायलिसिस सेंटरच्या बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन काम करायची. आतून मशीनची शिट्टी वाजली की माईक बंद करून धावायची. चार वर्षांत माझं एक काम उशिरा गेलं नाही. एकही नाही! हे मी छातीवर हात ठेवून सांगते, कारण नंतर मला वर्षाच्या शेऱ्यात ‘टीममध्ये मिसळत नाही’ असं लिहून मिळालं.

परत बोलावणं हळूहळू आलं. आधी महिन्यातून एक आठवडा, ‘जमेल त्यांनी’. मग आठवड्यातून तीन दिवस. मग पाचही. ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे त्यांनी सवलतीसाठी अर्ज करायचा होता. माझ्या वरच्या साहेबांबरोबर मी दहा वर्षं काम केलेलं, त्यांच्या मुलीच्या बारशालाही गेलेली. त्यांना फोन केला.

"अगं, तुझी केसच वेगळी आहे," ते म्हणाले. "अर्ज टाक, कागद जोड. पुढचं माझ्यावर सोड."

"सर, लेखी काही मिळेल का?"

"म्हणजे माझ्यावर विश्वास नाही का तुझा?"

डॉक्टरांचं पत्र, डायलिसिसचं वेळापत्रक, डायलिसिसच्या सुयांसाठी हातावर शस्त्रक्रिया करून फिस्टुला केला तेव्हाचे कागद, सगळं जोडून अर्ज पाठवला. चार दिवसांनी साहेबांचाच निरोप आला: एचआरमधून आईंना एक फोन जाईल, घाबरू नकोस, नुसती विचारपूस आहे.

तिथेच मी चुकले. आईला बसवून समजवायला हवं होतं. पण आजारी माणसाला काय शिकवायचं, असं वाटलं. म्हटलं, जे आहे ते सांगेल.

आई धुळ्याकडची. तिकडच्या बायकांची एक रीत मला जन्मापासून माहीत आहे, आणि नेमकी त्याच वेळी मी ती विसरले. परक्या माणसाने "कसं चाललंय?" विचारलं की घरचं रडगाणं गायचं नाही. घरात पीठ संपलेलं असो, अंगात ताप असो, सांगायचं, बठ्ठं बरं शे, सगळं छान आहे. त्यात विचारणारा लेकीच्या ऑफिसातला असेल तर मग विचारूच नका. तिथे आपलं घर भरलेलं दिसलं पाहिजे, लेकीची मान ताठ राहिली पाहिजे. वडील गेले त्या महिन्यात त्यांचे डेपोतले साहेब घरी आले होते. तेव्हाही हिने डोळे कोरडे ठेवून त्यांना शेवभाजीचा आग्रह केला होता.

फोन आला तेव्हा मी आतल्या खोलीत मीटिंगमध्ये होते. तासाभराने बाहेर आले तर आई पलंगावर बसून खुशीत हसत होती.

"तुना ऑफिसनी पोर व्हती. भलती गोड बोलनी."

"काय विचारलं तिने?"

"तब्येत कशी शे, म्हने. मी सांगं, माले काय धाड भरनी शे? एकदम मस्त शे."

"अजून?"

अजून बरंच होतं. घरात मदतीला कुणी आहे का, असं त्या मुलीने विचारलं. आई म्हणाली, घरभर माणसं शेतस, पुतण्या शे, सून शे, हाक मारली की धावत येतात. दवाखान्यात कोण नेतं? आई म्हणाली, मी एकटीसुद्धा जाईन, रिक्षा दारात मिळते. मुलगी पुण्याला गेली तर चालेल का? आई म्हणाली, का नाही चालणार, पोरीने नोकरी आधी बघावी. आणि शेवटी तिने त्या मुलीला हिवाळ्यात भरीत खायला यायचं आमंत्रण दिलं!

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दिवशी मी आईवर ओरडले. आजारी बाईवर, हातात सुया टोचून चाळण झालेल्या बाईवर ओरडले. "अगं, तू हे काय करून ठेवलंस? खोटं का बोललीस?"

तिचं तोंड एवढंसं झालं. "मंग काय परकी पोरजोडे रडू का मी?" ती म्हणाली. "माले वाटनं, तुनी नोकरी पक्की करी टाकी मी."

आमचे ते ‘घरभर माणसं’ म्हणजे एक चुलतभाऊ आणि त्याची बायको. भाऊ एरंडोलला शाळेवर, सकाळी जातो, संध्याकाळी येतो. वहिनी घरचं करून शेतात जाते. माणसं चांगली, पण त्यांना त्यांचं काम आहे.

तीन दिवसांनी मेल आली. अर्ज नामंजूर. आईंची प्रकृती स्थिर असून घरी नातेवाईक उपलब्ध आहेत, असे स्वतः आईंनी सांगितले आहे. संभाषण ध्वनिमुद्रित केलेले आहे. डॉक्टरच्या पत्राचा उल्लेखही नव्हता. आठवड्याला दोन डायलिसिस असलेल्या बाईला ‘एकदम मस्त शे’ म्हणताना ऐकून त्या गोड पोरीला एकदाही शंका आली नसेल? आली असेल. पण तिला पाहिजे ते मिळालं होतं, मग शंका कशाला घेईल.

साहेबांना फोन केला तर म्हणाले, "अगं, आता तुझ्या आईच म्हणतायत, तर मी कुठल्या तोंडाने भांडू?" त्यांना हे आधी माहीत होतं की नव्हतं, मला आजही कळलेलं नाही. आधी वाटायचं, बिचारे ते तरी काय करणार. आता तसं वाटत नाही. फोन आईलाच का केला, माझ्यासमोर का नाही केला, हा प्रश्न मी त्यांना दोनदा विचारला. दोन्ही वेळा त्यांना दुसरा फोन येत होता.

नोकरी सोड, असं सगळे म्हणाले. सोपं आहे म्हणणं. आईचं डायलिसिस कंपनीच्या विम्यावर चालत होतं. नोकरी गेली की विमा गेला. जिच्यासाठी राहायचं तिच्यासाठीच जायचं, असा तो फास होता. आईला पुण्याला चल म्हणून हातापाया पडले. ती म्हणाली, "माले आठेच ऱ्हाऊ दे." इथेच राहायचं म्हणत होती, आणि तिचंही बरोबर होतं. मी सकाळी आठला बाहेर पडून रात्री आठला येणार, आणि ती तिसऱ्या मजल्यावर कडी लावून बसणार. तिथे तिला मंगळवारी कोण नेणार होतं?

शेवटी वहिनी म्हणाली, "ताई, तुम्ही जा, मी नेत जाईन काकूंना." मी गेले.

ऑफिसात काय होतं ते सांगते. माझ्या टीममधले चौघे चेन्नईला, तिघे नोएडाला. पुण्याच्या मजल्यावर माझ्या कामाशी संबंध असलेला एकही माणूस नव्हता. साहेब काचेच्या खोलीत. मी दिवसभर कानाला हेडफोन लावून त्याच माणसांशी स्क्रीनवर बोलायची, ज्यांच्याशी जळगावहून बोलत होते. फरक एवढाच, की दारात कार्ड टेकवायचं आणि मशीन हिरवं झालं की हजेरी लागायची. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, आपण एक कुटुंब आहोत. मला दर वेळी ते खरवडून काढावंसं वाटायचं.

पाच महिने असे गेले. रोज दुपारी आईला फोन करायची. फोनवर तिचा श्वास जास्त ऐकू यायला लागला होता. दम लागतोय का, विचारलं की म्हणायची, आताच जिना चढले. आमचं घर तळमजल्यावर आहे. हे मला त्याच क्षणी कळायला हवं होतं, पण स्क्रीनवर कुणीतरी माझं नाव घेत होतं आणि मी फोन ठेवला.

कापूस वेचणीचे दिवस आले. वहिनीची ओढाताण व्हायला लागली. आईने तिला परस्पर सांगितलं, तू शेतात जा, मी रिक्षाने जाते. आणि ती गेलीच नाही. एक शुक्रवार बुडवला, पुढचा मंगळवारही बुडवला. वहिनीला वाटलं, ती जाते. मला वाटलं, वहिनी नेते. कुणाला त्रास नको म्हणून ती घरात बसून राहिली, अंगात पाणी भरत गेलं.

गुरुवारी सकाळी ऑफिसच्या फाटकाशी असताना वहिनीचा फोन आला. ती रडत होती. "काकूंना ॲडमिट केलंय. श्वासच घेता येत नाहीये. ताई, तुम्ही आत्ता निघा."

आणि मी काय केलं? मी आत गेले. कार्ड टेकवलं, निदान अर्धा दिवस तरी लागेल म्हणून. मग साहेबांना सांगून निघावं म्हणून त्यांच्या काचेच्या खोलीबाहेर उभी राहिले. ते मीटिंगमध्ये होते, बोटाने खूण केली, पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांची चाळीस मिनिटं झाली. न सांगता निघाले तर उद्या विम्याचं काही वाकडं होईल, ही भीती डोक्यात इतकी बसली होती की माझे पाय जागचे हलले नाहीत. चाळीस मिनिटं मी एका काचेकडे बघत उभी होते. आईकडे जायचं सोडून! कोणी बांधून ठेवलं नव्हतं मला.

जी बस मिळाली ती घेतली. सिल्लोडच्या पुढे गेल्यावर वहिनीचा फोन आला. आई शुद्धीवर आली होती, पंधरा मिनिटं. माझं नाव घेतलं, आली का म्हणून विचारलं. वहिनीने सांगितलं, येतायत, वाटेत आहेत. मग ती गेली. मला पोचायला अजून दोन तास होते. चाळीस मिनिटं आधी निघाले असते तरी पोचले नसते, हा हिशेब मी शंभरदा केलाय. त्याने काही बरं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी स्मशानातून माणसं परत आली. मी ओसरीत बसले होते, तेवढ्यात साहेबांचा फोन आला. आवाज खूप हळवा होता. ते म्हणाले, फार वाईट झालं. म्हणाले, असं होतं तर आधी स्पष्ट सांगायचं नाहीस का, काहीतरी मार्ग काढला असता. मग म्हणाले, "एचआरशी मी स्वतः भांडलो. तुझी रजा फारशी शिल्लक नाही ना, म्हणून खास बाब म्हणून मंजूर करून घेतलंय. दिवस होईपर्यंत तू जळगावलाच राहा. तेरा दिवस घरून काम कर."

वहिनी समोर बसली होती. तिला फोनमधलं सगळं ऐकू येत होतं, ती माझ्याकडे बघत होती. मला वाटतं, ती वाट बघत होती की आता ही बाई तोंड उघडेल, आयुष्यभराचा राग एकदाचा बाहेर काढेल. मलाही तसंच वाटत होतं.

"थँक यू, सर," मी म्हणाले. सोमवारी सकाळी आईच्या पलंगावर बसून लॅपटॉप उघडला, आणि उरलेले सगळे दिवस मी घरून काम केलं.