कोणता रंग मारू, मॅडम?

घर रंगवून झालं की प्रत्येक डब्याच्या तळाशी थोडा रंग उरतोच. तो टाकवत नाही आणि कामालाही येत नाही. झाकण ठोकायचं आणि माळ्यावर ठेवून द्यायचा. आमच्या धंद्यातले किस्से तसेच साठत गेले. कुणाच्या वास्तुशांतीला मी आणि नंदा शेजारी बसलो की एकेक झाकण उघडायचं आणि पानातलं जेवण गार व्हायचं!

अमरावतीत राजापेठेजवळ, एका दवाखान्याच्या वर, आम्हा दोघींचं ऑफिस होतं. लोकांची घरं सजवून द्यायचं काम. भिंतींचे रंग, पडदे, मुलांच्या खोल्यांच्या थीम, सगळं. मी मूळची अकोल्याची, नंदा चांदूर बाजारची. मी गिऱ्हाइकाशी गोड बोलायची, नंदा खरं बोलायची. भिंतीवर हात चालायचा तो मात्र सलीमभाई पेंटरचा. रोज सकाळी त्यांचा फोन यायचा, "कोणता रंग मारू, मॅडम?" यंदा नंदा लेकीकडे पुण्याला राहायला गेली आणि आम्ही बोर्ड उतरवला. आता तो फोन येत नाही. त्यामुळेच की काय, हल्ली सकाळचा चहा घेताना हे सगळे लोक माझ्यासमोर येऊन बसतात.

*

बंडूभाऊ नंदाच्या गावचे. संत्र्याची बाग. नवं घर बांधलं तेव्हा हॉलला रंग हवा होता संत्र्याचा.

मी शेडकार्ड उघडून नारिंगी रंगांची पट्टी पुढे केली. त्यांनी ती खिडकीपाशी नेऊन पाहिली, उन्हात धरली, आणि परत माझ्यापुढे ठेवली.

"मॅडम, हे सारे नागपूरचे संत्रे हायेत. आमचे नाहीत!"

दुसऱ्या दिवशी बागेतलं एक संत्रं टेबलावर ठेवून गेले. "हाच रंग पाह्यजे. यात फरक नोको."

दुपारी सलीमभाई सॅम्पल न्यायला आले. संत्रं गायब! मी टेबलाखाली शोधलं, कपाटामागे शोधलं. नंदा खिडकीबाहेर बघत होती.

"नंदा?"

"मले काय माहीत थे सॅम्पल होतं? मले वाटलं, गावचं माणूस आलं, माह्यासाठी आणलं!"

सलीमभाईंनी कचऱ्याच्या डब्यातून साल काढली आणि तीच दुकानात नेली. मशीनवर रंग जुळवेपर्यंत ती बरीच सुकली होती. हॉल रंगवून झाल्यावर बंडूभाऊ भिंतीसमोर उभे राहिले. आमचा जीव टांगणीला!

"रंग तं आमच्याच बागेचा हाये," ते म्हणाले, "फक्त हे संत्रं तोडून चार दिवस झालेले दिसून रायले."

नंदाला राहवलं नाही, तिने सगळं सांगून टाकलं. पुढच्या बहाराला ऑफिसात अख्खं क्रेट आलं. मागोमाग फोन, "वरचं एक सॅम्पल. बाकी नंदाबाईले खाऊ द्या!"

*

अकोल्यात जठारपेठेत एक रिटायर्ड मास्तर होते. एप्रिल सुरू झालेला, दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नव्हतं. मी त्यांना समजावलं की फिकट निळा हा थंड रंग आहे, बेडरूम शांत वाटेल, डोळ्यांना गारवा मिळेल. त्यांनी खोली निळी करून घेतली. पडदे निळे, चादरीसुद्धा निळ्या.

ऐन मे महिन्यात त्यांचा फोन आला. मास्तर घाम पुसत बोलत असावेत.

"मॅडम, तुम्ही थंड रंग म्हणाल्या होत्या. कूलर तर तसाच लावावा लागून राहिला!"

नंदाने माझ्या हातून फोन ओढून घेतला.

"मास्तर, रंग आमी दिला. आता डिसेंबरपर्यंत दम धरा, मंग पाहा कसा थंड होते तो!"

*

परतवाड्याच्या एका घरी सहा वर्षांच्या चिऊची खोली करायची होती. थीम जंगल. सलीमभाई पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचे, त्यामुळे चित्रांचं कामही त्यांनीच घेतलं. एका भिंतीवर बांबू, मोर, वानरं आणि मधोमध पट्टेदार वाघ.

चिऊचे आबा मेळघाटात वनरक्षक होते. सगळी नोकरी जंगलात गेलेली. ते काठी टेकत आले, चष्मा लावला आणि वाघाकडे बघत राहिले. मग हसायलाच लागले.

"अवो, हा कायचा वाघ! त्या मिशा पाहा. हा तं आमचा रेंजर साहेब हाये!"

सलीमभाई जरा नाराज झाले. पण खरी पंचाईत पुढेच होती. चिऊ त्या खोलीत झोपेना. म्हणे वाघ माझ्याकडेच बघतो. सलीमभाईंनी वाघाला हसरं केलं. आता दात दिसायला लागले आणि ती दारातूनच आत जाईना! आईवडिलांनी सांगितलं, सगळी भिंत पुसा, गुलाबी करा.

सलीमभाईंनी ब्रश हातात घेतला, पण त्यांना तो भिंतीला टेकवेना. इतक्या मायेने केलेलं काम होतं.

आबा खुर्ची घेऊन तिथे बसले होते. म्हणाले, "पुसू नोका. म्या जितके वाघ पायले, त्यातले निम्मे झोपलेलेच होते. डोये मिटा त्याचे."

सलीमभाईंनी पापण्या रंगवल्या, तोंड मिटवलं. चिऊ आबांचा हात धरून आत आली. पुष्कळ वेळ वाघाकडे पाहिलं. मग गादीवर चढली.

महिन्याभराने आम्ही पडदे लावायला गेलो. नंदाचा आवाज मोठा, ती दारातूनच बोलत आत शिरली. चिऊने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला ना, मावशी! रेंजर साहेब झोपले आहेत."

*

अमरावतीच्याच एका घरातला प्रकार. मुलाचं नुकतंच लग्न झालं होतं, घराचं नव्याने काम निघालं.

सकाळी सासूबाईंचा फोन. "सुनेला कळू देऊ नका. तिच्या बेडरूमला अबोली रंग द्या. पोरगी सदा अबोली ड्रेसच घालते, तिला आवडतो."

दुपारी सुनेचा फोन. "आईंना सांगू नका हं, सरप्राइज आहे! हॉल पोपटी करा. त्यांच्या अंगावर नेहमी पोपटीच साडी असते."

दोघींचं सरप्राइज पार पडलं. दोघींनी गळ्यात गळे घातले. आम्ही पेढे खाऊन आलो.

दोन महिन्यांनी सासूबाई हळू आवाजात फोनवर, "मॅडम, त्या पोपटी हॉलमध्ये बसवत नाही हो! त्या साड्या सुनेच्या माहेरून आलेल्या. तिला बरं वाटावं म्हणून नेसते मी."

आणि त्याच आठवड्यात सून, "मॅडम, अबोली रंगाने डोकं दुखतं! ते ड्रेस आईंनीच दिवाळीला घेतले होते. त्यांना वाईट वाटू नये म्हणून घालते."

मी काहीतरी गोड मार्ग काढला असता. पण नंदा उठली, दोघींना समोरासमोर बसवलं आणि सांगून मोकळी झाली. आधी दोघी गोऱ्यामोऱ्या झाल्या, मग अशा हसल्या की डोळ्यांत पाणी! तेवढ्यात मुलगा ऑफिसातून आला.

"त्या खोलीत मीही झोपतो," तो म्हणाला. "मले कोणी विचारून राहिलं का, कोणता रंग पाहिजे?"

दोघी एका सुरात म्हणाल्या, "तुले काय समजते रंगातलं!"

*

आता वानखडे काकांचं सांगते.

अकोल्याचे वानखडे काका बँकेतून रिटायर झालेले. एकुलती एक मुलगी पल्लवी. ती कॉलेजात गेली तेव्हा तिची खोली आम्हीच केली होती. फरशीवर मांडी घालून, सगळी शेडकार्डं भोवती पसरून, तिने स्वतः गडद जांभळा निवडला होता. काका दारातून म्हणाले होते, "अवं, खोलीत अंधार होईन!" ती म्हणाली, "बाबा, राहायचं मले आहे." आणि काका हसत खाली गेले होते.

पुढे पल्लवीने आपल्या मनाने लग्न केलं आणि इंदूरला गेली. काकांनी बोलणं टाकलं. हे आम्हाला उडत उडत कळलं होतं.

दोनेक वर्षांनी काकांचा फोन आला. "वरची खोली रिकामी पडली. पाहुण्यांची खोली करून द्या. क्रीम रंग."

आम्ही गेलो. काकूंनी चहा दिला, पण एक शब्द बोलल्या नाहीत. खोलीत तिचं टेबल होतं, खिडकीत मण्यांची माळ होती. सलीमभाईंनी सामान गॅलरीत काढलं आणि काम सुरू केलं.

गडद रंगावर फिका रंग लवकर बसत नाही. एक हात दिला, जांभळा वर आला. दुसरा दिला, तरी कोपऱ्यांतून झाक मारत होता. काका रोज वर येऊन बघायचे.

"अजून दिसून रायला."

"होईल काका, अजून एक हात लागेल," सलीमभाई म्हणायचे.

शेवटी जांभळा गेला. खोली लख्ख क्रीम झाली. नवी चादर, नवे पडदे, भिंतीवर एका तलावाची फ्रेम. एखाद्या लॉजच्या खोलीसारखी स्वच्छ! काका मधोमध उभे होते. सगळीकडे पाहिलं आणि म्हणाले, "छान झाली."

काकू जिन्यापाशी आल्या होत्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलल्या.

"छान झाली. आता सांगा, आपल्याकडे पाहुणे कोण येतात?"

आम्ही सामान आवरलं आणि निघालो.

पुढच्याच आठवड्यात काका अमरावतीला ऑफिसात हजर! एसटीने आले होते, जिना चढून दम लागला होता. मी पाणी दिलं.

"मॅडम, तो जांभळा रंग होता ना, वाइल्ड प्लम नावाचा, तो अजून भेटते का?"

मी आणि नंदाने एकमेकींकडे पाहिलं.

"काका, आताच तं क्रीम केला ना!" नंदा म्हणाली. "आन् त्या रंगाचं नाव आमालेबी आठवत नाही. तुमाले कसं आठवलं?"

"मले कायचं आठवते," काकांनी ग्लास खाली ठेवला. "जिनं निवडला होता, तिलेच फोन करून विचारलं."

नंदाने खुर्ची पुढे ओढली. काकांनी रुमालाने तोंड पुसलं, चष्मा पुसला, तो परत लावला.

"पाहुणी येऊन राहिली, मॅडम. तिले क्रीम नाही आवडत."