शेल्टरच्या फटी

लडाखमधल्या त्या पोस्टवर आम्ही नऊ जण होतो. मी नायब सुभेदार, पोस्ट कमांडर. हिवाळ्यात पारा उणे तीसच्या खाली जायचा. राहायला फोम भरलेल्या पॅनेलचं नवं शेल्टर मिळालं होतं. पॅनेलं जुळतात तिथं रबराची पट्टी लागते. ती आलीच नव्हती. फटींतून बर्फाची पूड आत यायची. खोली तापवायच्या शेगडीला, बुखारीला, दिवसाला दोन जेरीकॅन रॉकेल लागायचं, तरी उशाजवळचं पाणी गोठायचं.

नाईक दत्ता कांबळे आमच्याच जिल्ह्यातला, आजऱ्याचा. भरतीआधी तो कोल्ड स्टोरेजची पॅनेलं बसवायचा. पहिल्याच आठवड्यात मला म्हणाला, "साहेब, आपण डोंगर तापवाय लागलोय. जुन्या मॅट कापून फटी बुजवतो की. एका दुपारचं काम हाय."

मी रेडिओवर खालच्या कंट्रोलकडे परवानगी मागितली.

"पॅनेलला हात लावू नका. इन्स्पेक्शन बाकी आहे. ओव्हर."

तीनदा विचारलं. तीनदा हेच उत्तर. मी हुकूम पाळला.

रॉकेल वेळेआधीच संपत आलं. सकाळी सव्वानऊला दत्ता आणि दोन जवानांना मी रॉकेल आणायला खालच्या डंपवर, साठ्याच्या जागी, पाठवलं. ११.४० ला, परत चढताना, वरून बर्फ सुटला. दोघं कडेला फेकले गेले. दत्ता दिसेना.

"कंट्रोल, एक माणूस बर्फाखाली. ओव्हर."

"शोध चालू ठेवा. हेलिकॉप्टरला हवामान नाही. ओव्हर."

२.१० ला तो सापडला. पाठीवर जेरीकॅन तसाच बांधलेला होता. श्वास नव्हता.

त्या संध्याकाळी मी कुणाला विचारलं नाही. मॅट कापल्या, सगळ्या फटी बुजवल्या. धुराडं आणि हवेचं भोक तेवढं मोकळं ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून एक जेरीकॅन पुरायला लागला. आधीपासून तसं केलं असतं, तर कुणाला खाली जावंच लागलं नसतं.

बर्फ उतरल्यावर इन्स्पेक्शन झालं. आलेल्या अधिकाऱ्याने बुजवलेल्या फटींवरून हात फिरवला. "अच्छा काम किया है." माझ्या मुठी आवळल्या. सॅल्यूट मात्र केला. त्या शब्दांचा राग आजही जात नाही.

कागदावर मृत्यूचं कारण हिमस्खलन आहे. सुट्टीत मी आजऱ्याला गेलो आणि दत्ताच्या आईला खरं ते सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"माझा पोरगा सांगत होता न्हवं? मग तवाच का न्हाई बुजवल्या?"

"हुकूम नव्हता, आई."